इथं मऊ चोप मिळेल

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. घड्याळाकडं माझं लक्ष होतं, कारण साडेदहाला परीला खोकल्याचं औषध द्यायचं होतं. तेवढ्यात फाटकावर कुरिअरवाला ओरडला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

किस्से म्हणजे फ्रीजमधल्या उरलेल्या वाट्या असतात. एकेक झाकून ठेवत जातो, लक्षात राहत नाही, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या एकदम अंगावर येतात. आमच्या स्वयंपाकघरातले असे बरेच साठलेत. म्हटलं, आता रिकामं करूनच टाकावं.

आधी आम्ही कोण ते सांगते. छावणीत मार्था मावशींचं बैठं घर आहे. मावशी सत्तरीच्या, साहेब वारलेले, मुलगा विल्सनदादा पुण्याला. औरंगपुऱ्यातल्या दुकानांत काम करणाऱ्या लोकांना मावशी घरून डबे देतात. पोळ्या सुलू आक्का लाटतात, भाजी मी करते. आणि माझी परी, तीन वर्षांची, गॅसपासून लांब, माझ्या नजरेसमोर, चटईवर खेळते. "पोरीला घेऊन ये" म्हणणारं दुसरं काम मला या शहरात मिळालं नाही. लई हिंडले मी.

आणि तेच काम जायला लागलं होतं. दादांनी फोनवर सांगितलं होतं की आईचे गुडघे गेलेत, आता डबे बंद, नाताळच्या आत तिला पुण्याला नेणार, घराला कुलूप. मावशी हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. "बघू," एवढंच म्हणायच्या. त्या एका 'बघू'वर माझी आणि आक्कांची चूल टेकलेली होती. मी तर त्या दिवसांत रोज स्वप्नात कुलूप बघायचे.

*

तर कुरिअरवाल्यानं खोकं खाली ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "स्लो कुकर. कुणाचा?"

सुलू आक्का पिठाच्या हातानं पळत गेल्या. आक्का मेंढरांमागं वाढलेल्या, उभ्या जन्मात त्यांच्या नावानं कधी काही आलं नव्हतं. खोकं दोन्ही हातांनी उचलून आत आणलं, ओट्यावर ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, "सुलू कुकर म्हणला त्यो. माझ्या नावाचा हाय."

मावशींनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली. दादांनी आईसाठी पाठवला होता. विजेवर चालतो, सकाळी लावला की दुपारपर्यंत आपला आपण शिजवत बसतो, त्यात स्वतःपुरती मुगाची खिचडी लाव आणि पाय वर करून बस, असा निरोप होता. म्हणजे डबे बंद करण्याची ती पहिली पायरी होती. मावशींनी निरोप मला हळूच सांगितला. पण आक्कांचा चेहरा बघून कुणाचीच जीभ उचलेना.

शेवटी संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "आक्का, स्लो म्हणजे हळू. हळूहळू शिजवणारा."

आक्कांनी कुकर पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "मग बराबर हाय की. घरचे मलाच हळू म्हणतेत."

तेव्हापासून तो सुलू कुकरच. पुसायचा, तार गुंडाळायची, जागेवर ठेवायचा, सगळं आक्कांनीच करायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

*

खिचडी त्यात एकदाही शिजली नाही. खोक्यात एक पुस्तिका होती, इंग्रजी, आणि पानापानावर फोटो. मावशी एका फोटोपाशी थांबल्या ते थांबल्याच. जाड पोर्क चॉप, खाली कांदे, बाजूला बटाटे. साहेब मिलिटरीच्या मेसमध्ये होते, रविवारी घरी तेच करायचे. मावशींना कवळी बसली आणि चॉप सुटला. चावत नाही म्हणून.

"कवळीनं खाता येईल असा झाला तर झाला," मावशी म्हणाल्या. मी पोर्क खाते, आक्का खात नाहीत, पण रांधायला दोघी तयार.

आम्ही कुकर लावला आणि समोर बसलो. आक्कांनी विचारलं, शिट्ट्या किती? मावशी म्हणाल्या, ह्याला शिट्टी नाही. आक्कांना पटेना. शिट्टी नाही तर शिजलेलं कळणार कसं? तासाभरानं त्यांनी कुकरला सगळीकडून हात लावून बघितला आणि निकाल दिला, "मावशी, परत पाठवा. मुका निघालाय."

चूक मात्र माझी झाली. कुकर म्हटल्यावर माझ्या हाताला पाणी ओतायची सवय. तांब्याभर ओतलं. मला काय ठाऊक की ह्यातनं वाफ बाहेरच जात नाही, उलट कांद्याचं आणि मटणाचं पाणी आणखी सुटतं! दुपारी झाकण काढलं तर चॉप दिसेचनात.

मावशींनी पळीनं तळ शोधला. "रेखा," त्या म्हणाल्या, "हे जेवायचं की ह्यात उतरायचं?"

*

पुढचं मटण आणायला मला पाठवलं. छावणीच्या बाजारात पोर्कवाला आहे, तिथं. परी कडेवर, एक कुत्रं पायात, आणि माझा जीव त्या कुत्र्याकडं. मी म्हटलं, चॉप पाहिजेत. तो म्हणाला, चॉप करून पाहिजे ना? मी म्हटलं, व्हय, चॉप. आणि मी कुत्र्याला हाकलायला वळले.

परत बघते तर त्याचा सत्तूर टकाटक चाललेला. मटणाचे पार बारीक बारीक तुकडे.

"अवो, हे काय केलं?"

"चॉप केलं. तुम्हीच म्हणाल्या."

त्याचं तरी काय चुकलं? दिवसभर तो चॉपच करतो. त्या दिवशी आम्ही मुकाट रस्सा केला. दुसऱ्या खेपेला मी पुस्तिकाच घेऊन गेले. त्यानं फोटो बघितला, म्हणाला, पाठीचं घेऊ नका, जास्त वेळ शिजलं की कोरडं पडतं. खांद्याचं घ्या, त्यात चरबी असते. मग हाडासकट बोटभर जाड कापलं, प्रत्येक तुकडा असा अलगद उचलून ठेवला, आणि पिशवी माझ्या हातात देताना म्हणाला, "ताई, लोक मला कापायचे पैसे देतेत. तुम्ही पहिल्या, न कापायचे देता."

*

आता झाकणाचं ऐका.

पुस्तिकेत लिहिलं होतं म्हणे की झाकण सारखं उघडायचं नाही. एकदा उघडलं की आतली ऊब जाते आणि अर्धा तास वाढतो. मावशींनी मला दोनदा वाचून दाखवलं. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. परी झोपली तरी मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते. मला झाकलेलं काही सहन होत नाही. करपलं तर? कच्चं राहिलं तर? आत काही चाललंच नसलं तर? मावशी आतल्या खोलीत गेल्या की मी झाकण वर करायचे. दुपार व्हायची, संध्याकाळ व्हायची, चॉप आपला चिवटच!

मावशींना कळलं. त्यांनी हॉलमधला साहेबांचा फोटो आणला, मोठ्या मिशांचा, मिलिटरीच्या टोपीतला, आणि कुकरच्या वर भिंतीला खिळ्यावर टांगला.

"आता उघडायचं असेल तर ह्यांना विचारून उघड."

अर्ध्या तासानं मावशी आल्या तर झाकण माझ्या हातात.

"विचारलंस?"

"विचारलं, मावशी. हात जोडून विचारलं. ते नाय म्हटले नाहीत."

त्यानंतर कुकर लावला की मला बाहेर ओट्यावर बसवायचं ठरलं. लसूण सोलायला. त्या आठवड्यात छावणीत एवढा लसूण कुणी सोलला नसेल. पण चॉप झाला. आधी तव्यावर दोन्हीकडून तांबूस परतायचा, खाली कांद्याचे जाड काप, वर चॉप, लसूण, मिरं, जरासा व्हिनेगर, पाणी नावापुरतं, आणि मंद आचेवर सहा-सात तास. मावशींनी काट्यानं टोचलं तर हाड निखळून बाजूला पडलं. मावशी उठल्या, आत गेल्या, परत आल्या आणि ताट संपवेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. संपल्यावर बोलल्या, पण नीट कळेना.

कवळी काढून ठेवून आल्या होत्या!

*

त्याच दिवशी मावशींनी ठरवलं. डबे बंद, पण रविवारी चॉप विकायचे. आठवड्यातून एक दिवस, शिजवणार कुकर, गुडघ्याला काम नाही. चालले तर राहीन, नाही चालले तर विल्सनबरोबर जाईन. 'बघू' गेलं आणि त्याच्या जागी हे आलं. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. मला त्या रात्री झोप आली नाही.

पहिल्या रविवारी पहाटे कुकर लावला. मावशींच्या ओळखीतनं आणखी दोन जुने कुकर मागून आणले होते, तेही लावले. नऊच्या सुमाराला माझ्या सासूबाईंचा फोन आला. त्या गंगापूरला असतात, मी त्यांना आत्याबाई म्हणते. आमच्या तोंडात चॉप बसत नाही, चोपच येतं. आणि गंगापूरला त्यांच्या घरात रेंज येते फक्त दाराच्या कोपऱ्यात.

मी म्हटलं, "आत्याबाई, पहाटेपसून पोर्क चोप चालू हाय. अजून नरम नाय पडलं. मावशी म्हणतेत, बारापर्यंत राहू द्या."

पलीकडनं काहीच आवाज नाही. फोन कट झाला. मी विसरूनही गेले.

बारा वाजले. एक वाजला. गिऱ्हाईक म्हणून चिटपाखरू नाही. आम्ही तिघी फाटकाकडं बघत बसलेलो, आणि समोरनं आल्या आत्याबाई. काळीपिवळी जीपमधून, मग रिक्षानं, हातात काठी, पदर खोचलेला. कुणाशी न बोलता सरळ आत. परीला उचललं, फ्रॉक वर केला, पाठ बघितली, पाय बघितले, तळवे बघितले.

"कुठंय ती मावशी? तीन वर्साच्या पोरीला चोप देती? पहाटेपसून?"

मला उलगडायला वेळच लागला. फोनवर त्यांना 'पोर्क'चं 'पोर' ऐकू गेलं होतं. मग मी सांगितलं, आत्याबाई, पोरीला नाय हो, पोर्कचं म्हटले मी, डुकराचं मटण शिजतंय.

आत्याबाईंनी कुकरकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. काठी भिंतीला लावली.

"मग सरळ डुक्कर म्हण की बाई. इंग्रजीत कशाला मारतीस पोरीला?"

मग त्या जेवायला बसल्या. दोन चॉप खाल्ले, भाकरीबरोबर. पहिल्या रविवारचं आमचं एकच गिऱ्हाईक ते, आणि तेसुद्धा काठी घेऊन आलेलं.

*

दुसऱ्या रविवारी मावशींनी मला पाटी लिहायला लावली. माझं अक्षर बरं आहे. शाळा सातवीत सुटली, पण फळ्यावर सुविचार मीच लिहायचे. पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इथं मऊ चोप मिळेल. रविवारी बारा वाजता.' आणि फाटकाला बांधलं.

थोड्या वेळानं बाहेर हसणं ऐकू यायला लागलं. माणसं थांबत होती, मोबाइलनं फोटो काढत होती. मला वाटलं, फाटकाचं काही मोडलं. मग एक स्कूटी थांबली. बाई चालवत होत्या, मागं त्यांचे मिस्टर. बाईंनी पाटी मोठ्यानं वाचली. मिस्टर म्हणाले, "मऊ काय करायचाय? घरी कडक मिळतोय की."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चंद्र द्यायचा तिथं मी मात्रा दिली होती! मी खडू घेऊन पळाले. लाज वाटली लई. आत्याबाईंनी एवढं फजीत करूनसुद्धा मी तेच लिहिलं होतं. पण मावशींनी फाटकाशी माझा हात धरला. त्यांनी रस्त्याकडं बोट केलं. त्या नवराबायकोनं स्कूटी स्टँडला लावली होती. मागं दोन पोरी कॉलेजच्या, एक म्हातारे हवालदार, आणि चर्चमधून परत येणारी माणसं.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "चॉप लिहिलं असतंस तर वाचलं कुणी असतं?"

साडेबाराला तिन्ही कुकर रिकामे.

*

लाईट गेल्याचा एक छोटासा आहे, तो सांगून टाकते.

रविवारच्या सकाळी लाईट गेली, आणि माझ्या डोक्यात सिनेमा सुरू झाला. मटण बिघडणार, लोक आजारी पडणार, पोलीस येणार, मला नेणार, आणि परीला संध्याकाळी जेवायला कोण घालणार? मी रडायच्या बेताला आलेले. मावशींनी दोन कुकरातलं पातेल्यांत काढून गॅसवर चढवलं. तिसऱ्याला पातेलं नव्हतं. पण तो आक्कांचा होता. आक्कांनी तो गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून बसल्या. थंडीत कोकरू जन्मलं की असंच धरतेत म्हणाल्या.

गिऱ्हाईक लवकर आलं. आक्कांकडं बघून एका बाईंनी मला हळूच विचारलं, बाळाला बरं नाही का?

आक्कांनीच उत्तर दिलं. "बरं हाय. शिजतंय."

लाईट वीस-पंचवीस मिनिटांत आली. तरी मी ते परत उकळल्याशिवाय कुणाला वाढू दिलं नाही.

*

आता शेवटचा.

नाताळ जवळ आला. मावशी फोनवर दादांना रोज सांगायच्या, आज खिचडी केली, आज पण खिचडीच. चॉपचं नाव नाही. मी म्हणायचे, मावशी, सांगा ना. त्या म्हणायच्या, फोनवर वास जात नाही, काय सांगू?

त्या रविवारी फाटकाबाहेर लाईन होती. एक टेम्पो येऊन थांबला, पुण्याच्या नंबरचा, मागं दोऱ्या आणि रिकामी खोकी. मला वाटलं, कुणीतरी मोठी ऑर्डर घेऊन आलं. गाडीतून विल्सनदादा उतरले. न सांगता आले होते. सरळ आत यायला लागले तर हवालदारांनी त्यांना अडवलं. "भाऊ, लाईन."

दादा म्हणाले, माझं घर आहे. हवालदार म्हणाले, इथं सगळे असंच म्हणतात.

कसेबसे आत आले. तीन कुकर बघितले, पाटी बघितली, आईला बघितलं. आवाज चढवला नाही त्यांनी, पण चेहरा उतरला. ते म्हणाले, आई, मी तुला आराम पडावा म्हणून हे पाठवलं, आणि तू दुकान काढलंस? गुडघ्यांचं काय? रात्री पडलीस तर कोण आहे इथं? ते काही चुकीचं बोलत नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर मीही आईला उचलूनच नेलं असतं. मला त्यांचा राग येईना, तेच जड जात होतं.

मावशींनी खुर्ची दिली, ताट वाढलं. दादांनी आधी नको म्हटलं, मग एक घास घेतला. मग पाव मागितला. मग हाड हातात घेऊन चोखलं, लहानपणी चोखत असतील तसं. ताट पुसून घेतलं आणि फोटोकडं बघत बसले.

मला वाटलं, झालं. पण ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, "छान झालंय, आई. चल, आवर आता. टेम्पोवाला थांबलाय."

परीला मी कडेवर घेतलं, का ते मलाच कळलं नाही. आक्कांनी कुकरची तार काढून हळूहळू गुंडाळायला घेतली, डोळे खाली.

तेवढ्यात टेम्पोवालाच आत आला. त्यानं बाहेर लाईनीत उभं राहून दोन प्लेटा खाल्ल्या होत्या. रुमालानं तोंड पुसत दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, उशीर होतोय. पुण्याला न्यायचं सामान कोणतं?"

मावशींनी सगळ्या घरावरून नजर फिरवली. कपाट, टेबल, भिंतीवरचा फोटो, आक्का, मी, परी. मग हातातली पळी विल्सनदादांच्या दिशेनं रोखली.

"हे एवढंच."

*

एक विनंती आहे. तो टेम्पो भर दुपारी फाटकाशी उभा होता, आणि बघणाऱ्यांनी छावणीभर उठवलंय की मार्था मावशी पुण्याला गेल्या, घराला कुलूप लागलं. मागच्या रविवारी म्हणून निम्मी माणसं आली नाहीत. तर तुम्हाला कुणी भेटलं, रिक्षात, दुकानात, नळावर, तर तेवढं सांगा. कुलूप नाही लागलेलं. मावशी इथंच हायत. आणि त्या भेटलेल्याला म्हणावं, पुढच्यालाही सांग.